व्हॉइस रेकॉर्डर घ्यायचाय? आधी फाइल कुठे जाणार ते ठरवा

तुमच्या प्रश्नात खरे तर चार-पाच प्रश्न एकत्र आलेत, म्हणून आधी ते सुटे करून घेतो. तुम्हाला दोन-तीन तासांच्या मुलाखती आणि अधूनमधून एखादे व्याख्यान रेकॉर्ड करायचे आहे. फाइल विंडोजच्या लॅपटॉपवर आणि फोनवर, दोन्हीकडे विनातक्रार उघडायला हवी. हाताशी १२८ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड आणि मोबाइलसाठी घेतलेला कॉलर माइक आहे, तो नव्या रेकॉर्डरला चालेल का, हे विचारलेय. जुना रेकॉर्डर अजून चालू होतो, पण त्यातल्या डीव्हीएफ (सोनीच्या जुन्या रेकॉर्डरांचा खासगी फॉरमॅट) फाइल लॅपटॉपवर कशातच उघडत नाहीत. आणि जाहिरातींतले '१००० तास', '१५३६ केबीपीएस', '३२ बिट फ्लोट' हे आकडे वाचून कशावर विश्वास ठेवावा ते कळेनासे झालेय.

मी मुलाखती रेकॉर्ड करतो आणि त्यांचे शब्दांकनही करतो. त्यामुळे रेकॉर्डिंग बिघडले की त्याचा त्रास मलाच होतो. माझ्या पाहण्यात लोक रेकॉर्डर निवडतात आवाजाच्या दर्जावर आणि अडकतात जोडणीवर. प्लग बसतो पण आवाज येत नाही, कार्ड जाते पण ओळखले जात नाही, फाइल मिळते पण उघडत नाही. म्हणून मी उलट्या टोकाकडून निवड करतो. फाइल शेवटी कुठे जाणार आहे ते आधी, मग ती तिथवर कशी पोहोचणार, मग कशावर साठणार, आणि सगळ्यात शेवटी माइक.

फाइलपासून सुरू करू. तुम्हाला रेकॉर्डिंगचे नक्की काय करायचेय यावर उत्तर बदलते. ऐकून टिपणे काढायची आणि फाइल उडवून टाकायची असेल तर १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट वापरणारी एमपी३ भरपूर झाली. ती तासाला साधारण ५८ एमबी जागा घेते आणि तिला नाही म्हणणारे यंत्र आज सापडणे कठीण. मुलाखत जपून ठेवायची असेल, पुढे कधी त्यातला तुकडा कार्यक्रमात वापरायचा असेल किंवा आवाज स्वच्छ करावा लागण्याची शक्यता असेल, तर वेव्ह, म्हणजे आवाज सहसा न दाबता साठवणारी फाइलच घ्या. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयएएसएच्या मार्गदर्शक सूचना जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (दर नमुन्याला इतके बिट) सुचवतात. मी मुलाखतीला तेच सेटिंग लावतो, एकच माइक असेल तर मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनलवर. तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. तीन तासांची मुलाखत दीड जीबीच्या आसपास बसते. आजच्या कार्डांच्या मानाने ही जागा किरकोळ आहे.

आता '१००० तासां'चा हिशेब पाहा, म्हणजे जाहिरात वाचण्याची गुरुकिल्ली हाती येईल. ४ जीबी स्मृती म्हणजे ३२०० कोटी बिट. सेकंदाला ८००० बिट वापरले, म्हणजे ८ केबीपीएसवर, तर ११०० तासांहून जास्त रेकॉर्डिंग मावते. आकडा खोटा नाही, फक्त तो सगळ्यात खालच्या दर्जाचा आहे. त्या मोडमध्ये ३-४ किलोहर्ट्झच्या वरच्या कंप्रतेचे (इथे किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाची उंची) काही उरत नाही, आणि 'स'सारख्या व्यंजनांची बरीचशी ऊर्जा तर ४ किलोहर्ट्झच्या वर असते. अशी फाइल ऐकताना बोलणे समजल्यासारखे वाटते, पण अनोळखी नाव किंवा गावाचे नाव आले की चार-चार वेळा मागे जावे लागते. त्याच ४ जीबीमध्ये मी वर सांगितलेल्या सेटिंगने साडेसात तास मावतात. खोक्यावरच्या तासांना 'कोणत्या मोडमध्ये' हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बॅटरीच्या तासांनाही तोच नियम. तो आकडा बहुधा एमपी३, आतला माइक, हेडफोन न लावलेला आणि स्क्रीनचा दिवा बंद, अशा सोयीच्या परिस्थितीतला असतो.

'१५३६ केबीपीएस' ऐकायला भारदस्त वाटते. ४८ हजार गुणिले १६ बिट गुणिले २ चॅनल, झाले सेकंदाला १५३६ हजार बिट. म्हणजे ही साधी, दाबून लहान न केलेली स्टिरिओ वेव्ह फाइल आहे, त्यात खास काही नाही. उलट स्वस्त पेनच्या आकाराच्या रेकॉर्डरांत असे दिसते की फाइल तेवढी मोठी होते पण आतला आवाज तेवढा नसतो. तपासायची सोपी युक्ती आहे. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा आणि ट्रॅक स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे ते दाखवणाऱ्या चित्राच्या रूपात पाहा. ४८ किलोहर्ट्झच्या खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये २० किलोहर्ट्झपर्यंत थोडीफार तरी हालचाल दिसते, निदान किल्ल्या खुळखुळवल्यावर किंवा टाळी वाजवल्यावर. सगळे चित्र ७-८ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखे संपत असेल, तर आतून कमी दर्जाचे रेकॉर्डिंग करून ते मोठ्या डब्यात भरलेय असे समजा.

डब्याचाच विषय निघालाय तर हेही सांगतो. फाइलच्या नावामागचे वेव्ह हे फक्त वेष्टन. वेव्हच्या वेष्टनात साधा, न दाबलेला पीसीएम आवाज असू शकतो, एडीपीसीएमने दाबलेला असू शकतो, ३२ बिट फ्लोटही असू शकतो. लॅपटॉपवर उघडलेली वेव्ह फाइल फोनवर मुकी बसते, त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते. मीडियाइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आत नेमके काय आहे ते सांगतो. विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये 'लिनिअर पीसीएम' (तोच साधा, न दाबलेला आवाज) हे शब्द शोधा. ते असतील आणि एमपी३चाही पर्याय असेल तर तुमचा लॅपटॉप-फोनचा प्रश्न फाइलच्या बाजूने सुटला. डब्ल्यूएमए असेल तर विंडोजवर चालेल, पण अॅपलच्या उपकरणांवर व्हीएलसीसारखा वेगळा प्लेअर लागेल. फक्त डीएसएस किंवा डीएस२ देणारा रेकॉर्डर मात्र तुमच्या कामाचा नाही. ते फॉरमॅट ऑफिसात मजकूर सांगून टाइप करून घेण्यासाठी, म्हणजे डिक्टेशनसाठी बनले. ग्रुंडिग, ऑलिम्पस आणि फिलिप्स यांनी त्यांचा प्रसार केला. डीएस२मध्ये फाइल कुलूपबंद करण्याची सोय असते, वकील-डॉक्टरांना ती हवीही असते. पण ती उघडायला त्या पद्धतीचे सॉफ्टवेअर लागते, आणि मुलाखत देणाऱ्याला फाइल पाठवली की तुम्हाला फोन येणार, 'उघडत नाही हो'.

३२ बिट फ्लोटबद्दल, म्हणजे अगदी लहान आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये न फाटता साठवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर, कारण सध्या सगळे त्याचेच नाव घेतात. २०१९च्या सुमारास झूमचा एफ६ आणि साउंड डिव्हाइसेसची मिक्सप्री-२ मालिका यांनी हे तंत्र हातात मावणाऱ्या यंत्रांत आणले आणि आता ते लहान रेकॉर्डरांतही आलेय. फायदा खरा आहे. आवाजाची पातळी चुकली, समोरचा एकदम हसला किंवा टेबलावर मूठ आपटली, तरी नंतर पातळी खाली आणून तो भाग परत मिळतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माइकच्या कॅप्सूललाच, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागालाच आवाज पेलला नाही तर फ्लोट काही करू शकत नाही. शिवाय फाइल तशीच्या तशी पुढे पाठवता येत नाही, आधी लॅपटॉपवर पातळी ठरवून ती २४ किंवा १६ बिटमध्ये उतरवावी लागते. एकट्याने रेकॉर्डरही सांभाळायचा आणि प्रश्नही विचारायचे, अशी तुमची स्थिती असेल तर हे तंत्र उपयोगी पडेल. केवळ त्यासाठी बजेट ताणू नका. मोठ्यातला मोठा आवाज मीटरवरच्या शून्याच्या (त्यापुढे आवाज फाटतो) १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवली तर २४ बिटमध्ये बसून होणाऱ्या मुलाखतीला भरपूर मोकळी जागा असते.

फाइल रेकॉर्डरमधून बाहेर कशी येते, हा पुढचा सांधा. रेकॉर्डर लॅपटॉपला लावल्यावर पेनड्राइव्हसारखा दिसला पाहिजे. याला मास स्टोरेज म्हणतात. तसा दिसत असेल तर विंडोज, मॅक, लिनक्स कशालाही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. 'फाइल घेण्यासाठी आमचेच सॉफ्टवेअर टाका' असे मॅन्युअल म्हणत असेल तर तो रेकॉर्डर टाळा. सॉफ्टवेअर जुने झाले की रेकॉर्डर चांगला असूनही निकामी ठरतो. तुमच्या डीव्हीएफचे दुखणे नेमके हेच आहे, त्याकडे शेवटी येतो.

केबलच्या बाबतीत दोन खोड्या नेहमी दिसतात. बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. रेकॉर्डर चार्ज होतोय पण लॅपटॉपला दिसत नाही, असे झाले की आधी केबल बदला. दुसरी खोडी यूएसबी-सीची. काही स्वस्त उपकरणांत सी पोर्ट असतो, पण त्याच्या आत दोन छोटे रेझिस्टर बसवायचे राहिलेले असतात. मग दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाही, आणि एका टोकाला जुना चौकोनी ए प्लग असलेल्या केबलने मात्र होते. रेकॉर्डर बिघडलाय असे समजून परत करण्याआधी हे करून पाहा.

फोनला थेट जोडायचे की नाही? जोडता येते, पण मी त्यावर अवलंबून राहत नाही. फोनला ओटीजीची, म्हणजे बाहेरचे यूएसबी उपकरण वाचण्याची सोय हवी, कार्डाचे फॉरमॅट फोनला वाचता यायला हवे, आणि रेकॉर्डर किती वीज ओढतो हेही आडवे येते. आयफोन १५पासून पुढे सी पोर्ट आहे, त्याआधीच्या लाइटनिंग पोर्टला वेगळा अडॅप्टर लागतो. मी मूळ वेव्ह लॅपटॉपवर घेतो, तिथे एमपी३ची प्रत काढतो आणि फोनवर फक्त ती प्रत पाठवतो. मूळ फाइलला हात लागत नाही आणि फोनची जागाही वाचते. उलटे, म्हणजे एमपी३मध्ये रेकॉर्ड करून पुढे तिची पुन्हा पुन्हा एमपी३ करत राहिलात, तर दर फेरीत थोडे तपशील कायमचे जातात. ब्लूटूथचे म्हणाल तर बऱ्याच रेकॉर्डरांत ते फोनवरून चालू-बंद करण्यापुरते असते, फाइल त्यावरून येते की नाही ते आधी वाचून घ्या.

आता तुमचे १२८ जीबीचे कार्ड. कार्डांच्या पिढ्या असतात. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि ३२च्या वर एसडीएक्ससी. एसडीएचसी फॅट३२ या पद्धतीने मांडलेले असते, एसडीएक्ससी एक्सफॅटने. म्हणजे तुमचे कार्ड एसडीएक्ससी झाले. रेकॉर्डरच्या माहितीत 'एसडीएचसी, ३२ जीबीपर्यंत' एवढेच असेल तर ते चालेल याची हमी नाही. ते लॅपटॉपवर फॅट३२ करून घातले की काही रेकॉर्डर स्वीकारतात, पण निर्मात्याने न सांगितलेला हा मार्ग आहे. ज्याची मुलाखत दुसऱ्यांदा मिळणार नाही अशा माणसासमोर हा प्रयोग नको. आणि खरे सांगायचे तर गरजही नाही. ३२ जीबीच्या कार्डात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोचे साठ तास मावतात. एकाच मोठ्या कार्डात वर्षभराचे काम अडकवण्यापेक्षा दोन-तीन लहान कार्डे आलटून पालटून वापरलेली बरी.

कार्डाच्या वेगाची चिंता नको. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला सेकंदाला अर्ध्या एमबीहून जरासे जास्त लागते, आणि क्लास ४चे जुने कार्डसुद्धा किमान ४ एमबी देते. चिंता करायची असेल तर नकली कार्डाची करा. त्यावर १२८ लिहिलेले असते, आत बरेच कमी असते, आणि मर्यादा ओलांडली की नव्या डेटाचा पत्ता लागत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून पडताळणी करतो. नवे कार्ड आले की मी आधी ही परीक्षा घेतो, मग कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करतो. लॅपटॉपवर केलेले फॉरमॅट प्रत्येक रेकॉर्डरला रुचतेच असे नाही.

लांब रेकॉर्डिंगची एक मर्यादा बहुतेकांना प्रत्यक्ष अडल्यावरच कळते. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पारंपरिक वेव्ह फाइलचीही हीच सीमा आहे, कारण तिच्या डोक्यात, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात (हेडरमध्ये) आकार लिहायला ३२ बिटच असतात. बरेच रेकॉर्डर सावधपणे २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ लावले तर २ जीबी तासाभरात आणि ४ जीबी दोन तासांच्या जरासे पुढे भरतात. म्हणजे तुमची तीन तासांची मुलाखत मध्ये तुटणार. तुटणे वाईट नाही, सांधताना काही शब्द गळतात का ते महत्त्वाचे. चांगले रेकॉर्डर एकही नमुना न गाळता पुढची फाइल उघडतात, काही मात्र क्षणभर थांबतात. तुमच्या ४८-२४ मोनोला २ जीबी भरायला चार तास लागतात, त्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नाही. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी ९६ किलोहर्ट्झ नको म्हणण्याचे हेही एक कारण. दुसरे कारण साधे आहे. ४८ किलोहर्ट्झवर २० किलोहर्ट्झच्या वरपर्यंत सगळे पकडले जाते, त्यापुढे माणसाचा कान पोहोचत नाही. आवाजावरून मजकूर तयार करणारी सॉफ्टवेअर तर बहुधा सगळे १६ किलोहर्ट्झ मोनोवर आणूनच काम करतात.

कॉलर माइकचे उत्तर प्लग पाहून मिळेल. मोबाइलच्या माइकच्या ३.५ मिमी प्लगवर साधारण तीन काळे पट्टे असतात, म्हणजे चार संपर्क. याला टीआरआरएस म्हणतात. हल्लीच्या नेहमीच्या मांडणीत टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग अर्थ (अर्थिंगचा संपर्क), आणि सगळ्यात मागच्या भागावर माइक असतो. रेकॉर्डरच्या माइक सॉकेटला मात्र दोन पट्ट्यांचा टीआरएस प्लग हवा असतो. त्यात टोक डावा माइक, मधला भाग उजवा आणि मागचा भाग अर्थ. तुमचा प्लग तिथे छान बसेल, 'टक' असा आवाजही होईल, पण माइकची तार नेमकी अर्थवर जाऊन बसेल आणि रेकॉर्डिंगमध्ये शांतता किंवा नुसती घरघर मिळेल. टीआरआरएस माइक टीआरएस सॉकेटला लावण्याचा छोटा अडॅप्टर मिळतो. घेताना दिशा नीट वाचा, कारण उलट्या कामाचे अडॅप्टरही हुबेहूब तसेच दिसतात. माइकचे टोक यूएसबी-सी असेल तर विषय वेगळा आहे. त्या माइकच्या आतच ध्वनीचे डिजिटल रूपांतर होते आणि साध्या रेकॉर्डरला तो चालणार नाही.

अडॅप्टर लावूनही आवाज आला नाही तर मेन्यूत 'प्लग-इन पॉवर' चालू आहे का पाहा. कॉलर माइकला त्या सॉकेटमधून काही व्होल्ट वीज लागते. ही वीज म्हणजे मोठ्या एक्सएलआर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर नव्हे, दोन्हींची गल्लत करू नका. आवाज फक्त डाव्या कानात येत असेल तर घाबरू नका, मोनो माइक स्टिरिओ सॉकेटला लावल्यावर तसे होऊ शकते. रेकॉर्डर मोनो मोडवर टाका किंवा नंतर ऑडॅसिटीत ट्रॅक मोनो करा.

व्याख्यानाच्या वेळी सभागृहाच्या मिक्सरमधून तार घ्यायची इच्छा होईल. मिक्सरमधून येणारा लाइन पातळीचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. तो माइक सॉकेटमध्ये घातला की आवाज फाटतो, आणि रेकॉर्डरवरची पातळी कितीही कमी केली तरी फाटलेलाच राहतो. त्यासाठी रेकॉर्डरला 'लाइन इन', म्हणजे असा मोठा सिग्नल घेणारे सॉकेट हवे, निदान त्याच सॉकेटला मेन्यूतून लाइनवर टाकायची सोय हवी. मिक्सर नसेल तर अंतराकडे लक्ष द्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. वक्त्यापासून ३० सेंटिमीटरवरचा माइक ३ मीटरवर नेला की २० डेसिबल गेले, आणि पंख्याचा, खुर्च्यांचा, भिंतींवरून परतणारा आवाज मात्र तेवढाच राहिला. हा तोटा कोणत्याही बिटने किंवा किलोहर्ट्झने भरून निघत नाही. टेबलाच्या पलीकडे ठेवलेल्या महागड्या रेकॉर्डरपेक्षा बोलणाऱ्याच्या छातीवर लावलेला साधा कॉलर माइक मला नेहमी जास्त कामाचा वाटला आहे.

बटणांपैकी तीन बंद ठेवा. आवाज ऐकू आला की आपोआप सुरू होणारे रेकॉर्डिंग बंद, कारण ते वाक्याचे पहिले अक्षर गिळते, आणि मुलाखतीतली शांतता काढून टाकल्यामुळे वेळेचा हिशेबही बिघडतो. 'नॉइज कॅन्सल' बंद. गोंगाट नंतर काढता येतो, पण रेकॉर्डरने त्यासोबत काढून टाकलेला शब्द परत येत नाही. आपोआप पातळी ठरवणारी सोयही शक्यतो बंद. समोरचा थांबला की ती पंख्याचा आवाज वर चढवते आणि तो बोलू लागला की दाबते, त्यामुळे पार्श्वभूमी सतत श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. मात्र चार-पाच जण वेगवेगळ्या अंतरावरून बोलणार असतील आणि पातळीकडे पाहायला कुणी नसेल तर ती चालू ठेवणेच शहाणपणाचे. 'लो कट' ८० हर्ट्झच्या आसपास चालू असू द्या, टेबलाचे धक्के आणि रहदारीची घरघर बरीच कमी होते.

रेकॉर्डर हातात आला की परत करण्याची मुदत संपण्याआधी एक दिवस त्याच्यासाठी काढा. पूर्ण तीन तास रेकॉर्डिंग करा, तुमच्याच माइकने आणि तुमच्याच कार्डावर. फाइल लॅपटॉपवर आणि फोनवर, दोन्हीकडे उघडा. मग दुसऱ्या एका बिनमहत्त्वाच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच बॅटरी काढा आणि काय उरते ते पाहा. वेव्हचा आकार फाइलच्या डोक्यात लिहिला जातो, आणि बरेच रेकॉर्डर तो थांबवताना लिहितात. त्यामुळे अचानक वीज गेली तर फाइल शून्य आकाराची दिसू शकते. चांगले रेकॉर्डर मधूनमधून तो लिहीत राहतात. एमपी३ लहान लहान चौकटींची बनलेली असल्याने तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग वाजतो. प्रत्यक्ष कामात असे झालेच तर त्या कार्डावर पुढे एक अक्षरही लिहू नका. फोटोरेकसारख्या प्रोग्रॅमने डेटा बाहेर काढता येतो, आणि डोके नसलेली फाइल ऑडॅसिटीच्या 'रॉ डेटा' आयातीतून दर, बिट आणि चॅनल हाताने सांगून उघडता येते. म्हणून आपण कोणते सेटिंग लावले होते ते कुठेतरी लिहून ठेवा.

व्हिडिओसोबत आवाज जुळवायचा असेल तरच आणखी एक गोष्ट. प्रत्येक यंत्राचे घड्याळ थोडे वेगळे चालते. दहा लाखांत २० इतका फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या व्हिडिओत जवळजवळ दोन चौकटी. तीन तासांत ओठ आणि शब्द वेगळे पडलेले स्पष्ट दिसतात. सुरुवातीला आणि शेवटी एक-एक टाळी वाजवून ठेवली की नंतर ताणून जुळवता येते.

राहिल्या डीव्हीएफ फाइल. हा सोनीच्या जुन्या रेकॉर्डरांचा खासगी फॉरमॅट आहे, एमएसव्ही हाही त्याच घरातला. व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी त्यांना ओळखत नाहीत, आणि फाइलच्या नावामागे एमपी३ लिहून काहीच साधत नाही. सोनीचे 'डिजिटल व्हॉइस एडिटर' त्या उघडते आणि वेव्हमध्ये बदलून देते. ते जुन्या विंडोजच्या काळातले आहे, म्हणून कुणाकडे जुना संगणक असेल तर तिथे आधी प्रयत्न करा. रेकॉर्डरसोबत आलेली सीडी सापडली तर तीच वापरा, अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या 'कन्व्हर्टर'वर खासगी मुलाखती चढवू नका.

तेही जमले नाही तर जुना रेकॉर्डर चालू होतो ही तुमची जमेची बाजू आहे. त्याच्या हेडफोन सॉकेटमधून दोन्ही टोकांना ३.५ मिमीचा टीआरएस प्लग असलेली तार काढा आणि नव्या रेकॉर्डरच्या लाइन इनला द्या. जुन्याचा आवाज मध्यम ठेवा, त्यात वेग बदलण्याची किंवा शांतता गाळण्याची सोय असेल तर ती बंद करा, नव्यावर ४८ किलोहर्ट्झ लावा आणि वाजू द्या. जितक्या तासांचे रेकॉर्डिंग तितकेच तास लागतील. आवाज मुळापेक्षा चांगला होणार नाही, पण मूळ फाइल इतकी दाबलेली असते की या फेरीत कानाला जाणवेल असे काही जात नाही. त्यामुळे नवा रेकॉर्डर निवडताना लिनिअर पीसीएम आणि मास स्टोरेज यांच्याइतकेच वजन लाइन इनला द्या. आणि हे काम पहिल्या आठवड्यातच उरका, कारण जुन्या यंत्राची बटणे आणि बॅटरीचे संपर्क कधी दगा देतील सांगता येत नाही.